मामांची लिफ्ट

वारसा म्हणजे गेलेल्या माणसाने मागे राहिलेल्यांच्या शहाणपणावर टाकलेला अखेरचा विश्वास होय.

हे वाक्य वकिलाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत लावलेलं होतं आणि ते वकिलाने स्वतःच रचलेलं होतं. चौकटीच्या बरोबर खाली त्याच्या फीचं पत्रक डकवलेलं असल्यामुळे येणाऱ्याची नजर विश्वासावरून घसरायची ती थेट फीवर जाऊन आपटायची. समोर बसलेल्या लिफ्ट-निरीक्षकाची नजर मात्र दोन्हीकडे गेली नाही. चौकट डावीकडे कलली होती, आणि ती किती कलली आहे याचा तो मनातल्या मनात अंदाज घेत होता.

"मामांनी सगळं तुम्हालाच ठेवलंय," वकील म्हणाला. "सोबत एक चिठ्ठी आहे. चिठ्ठी कायद्याने बंधनकारक नाही."

मामांनी उभी हयात एका विमा कंपनीत दुसऱ्यांच्या नुकसानीचा अंदाज बांधण्यात घालवली होती. जळलेली गोदामं, बुडालेल्या होड्या, ठोकलेल्या गाड्या पाहून पाहून त्यांनी असा निष्कर्ष काढला होता की माणसाने काहीही करू नये. त्यांनी लग्न केलं नाही, प्रवास केला नाही, घराचे पडदे बदलले नाहीत. चिठ्ठीत लिहिलं होतं : "ही रक्कम शहाणपणाने वापर. मीही तेच करणार होतो. माझ्या दोन्ही बहिणींना दिली असती, पण त्या ती एकमेकींच्या गळ्यात मारत बसतील आणि त्यावरून बोलणं टाकतील. तू मोजूनमापून वागतोस, म्हणून तुला."

चिठ्ठी वाचून निरीक्षकाला भरून आलं. त्याच्या या स्वभावाला कुणीतरी पहिल्यांदाच गुण म्हटलं होतं.

सव्वीस वर्षं तो शहरातल्या लिफ्ट तपासत होता. त्याच्या खात्याचा एक नियम होता : लिफ्टचा दोर जेवढं वजन उचलणार, त्याच्या बारापट पेलणारा असला पाहिजे. हा नियम त्याने लिफ्टपुरता ठेवला नाही. आभाळ निरभ्र असलं तरी तो छत्री घ्यायचा, आणि छत्री मोडली तर म्हणून रेनकोट. लग्नाच्या वेळी बायकोने होकार दिल्यावर त्याने तिला तीनदा विचारलं होतं, "नक्की ना?" तिसऱ्यांदा ती म्हणाली होती, "आता नाही म्हणेन हं." तेव्हा कुठे त्याने तिला पास केलं.

असा हा माणूस राहायचा मात्र चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. बिल्डरने जिन्याच्या मधोमध लिफ्टसाठी ऐसपैस चौकोनी पोकळी ठेवली होती, आणि लिफ्ट आणायला म्हणून तो जो गेला तो तीस वर्षं झाली परत आला नव्हता. प्रत्येक मजल्यावर पोकळीच्या तोंडाला फळ्या ठोकल्या होत्या. तळाशी, म्हणजे जिथे लिफ्ट उभी राहायची तिथे, तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी तीस वर्षांच्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका रचून ठेवल्या होत्या. कुणी गुणांबद्दल तक्रार घेऊन आलं तर पुरावा असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. अजून कुणी आलं नव्हतं.

निरीक्षकाची आई एक्याऐंशीची. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयाने एकदा दगा देऊन पाहिला, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं : जिना बंद. चढायचा नाही आणि उतरायचाही नाही, कारण उतरलं की चढावं लागतं. तेव्हापासून ती चौथ्या मजल्यावर होती. खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यावं असं एकदा सुचवून पाहिलं, तर म्हणाली, "माझी मिरवणूक माझ्या माघारी काढा. मी बघत असताना नको."

आणि तिथून तीनशे पावलांवर मावशी राहायची.

मावशी सात वर्षांनी धाकटी, एकटी, मूलबाळ नाही. ती दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि दोन मजले ही तिची कुवत होती. रोज उतरायची, रोज कठड्याला धरून वर जायची. ताई खाली येत नाही म्हटल्यावर तिने एकदा ताईकडे वर यायचा प्रयत्न केला. छत्तीस पायऱ्यांवर तिची कुवत संपली. मग ती दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात फतकल मारून बसली आणि तिथून तिने फोन लावला. "ताई, मी तुझ्या दोन मजले खाली आहे." आई फोन कानाला लावूनच दारातून निघाली आणि चार पायऱ्या उतरलीसुद्धा, सुनेने धावत जाऊन तिला दंडाला धरून मागे आणलं. मग दोघी बहिणी तास-सव्वातास बोलल्या, मधे दोन मजले ठेवून. फोन बंद केला तरी आवाज आला असता, पण शेजाऱ्यांना ऐकू गेलं असतं, आणि विषय शेजाऱ्यांचाच होता. नंतर मावशी उठली, साडी झटकली आणि घरी गेली.

त्यानंतर रोज सकाळी अकराला फोन. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या आईची कात्री कुणी नेली, इथून सुरुवात व्हायची. पण फोन ठेवताना मावशी न चुकता म्हणायची, "ताई, एकदा नुसतं तुझ्या शेजारी बसायचंय गं. बोलायचं काही नाही." आणि आई म्हणायची, "तू आणि न बोलता!" मग फोन ठेवून बराच वेळ खिडकीकडे बघत बसायची. खिडकीतून मावशीची इमारत दिसत नव्हती.

त्यामुळे रक्कम आली तेव्हा ती कशासाठी वापरायची, याबद्दल घरात दुमत नव्हतं. कशी वापरायची, तिथे घोडं अडलं.

"सरळ गोष्ट आहे," बायको म्हणाली. ती एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसाला दोनशे माणसं तिच्यासमोरून जायची आणि प्रत्येकाला ती एका वाक्यात वाटेला लावायची. "मावशींच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घ्या. दोघी तिथे राहतील. दिवसा एक बाई ठेवू. येत्या आठवड्यात होऊन जाईल."

"करार किती दिवसांचा?" निरीक्षकाने विचारलं.

"अकरा महिन्यांचा. सगळ्यांचाच असतो."

"म्हणजे मालकाने बाराव्या महिन्यात निघा म्हटलं, तर?"

"तर दुसरीकडे बघू."

"ही एका दोरावर टांगलेली लिफ्ट झाली. दोर तुटला की खाली काही नाही."

"अहो, त्या तळमजल्यावरच असतील. पडून पडून कुठे पडणार आहेत?"

आईला विचारलं, तर तिचा वेगळाच सूर. "एका घरात? तिच्याबरोबर? आठवड्यात एकीचा खून होईल, आणि तो मीच केला असं सगळे म्हणतील." तिकडे मावशीने फोनवर अगदी हेच वाक्य, फक्त खून करणारीचं नाव बदलून, ऐकवलं. दोघींना भेटायचं होतं, राहायचं नव्हतं. बायकोने हात वर केले.

निरीक्षकाने चार दिवस विचार केला आणि पाचव्या दिवशी सकाळी तो पोकळीच्या फळीला डोळा लावून उभा राहिला. आत अंधार होता, वरून खालपर्यंत सरळ, ओळंब्यात. बिल्डर पळपुटा असला तरी त्याच्या गवंड्याचा हात साफ होता. लिफ्ट! सव्वीस वर्षं तो लोकांच्या लिफ्टना हो किंवा नाही म्हणत आला होता. आता मामांच्या पैशातून एक बसवायची. आई उतरेल, मावशी चढेल, इमारतीतली आठही घरं दुवा देतील, आणि लिफ्ट कुणी अकरा महिन्यांनी रिकामी कर म्हणणार नाही. ज्या बाजूने बघावं तिकडून बारापट शहाणपण. मामांची रक्कमही नेमकी तेवढीच होती, जणू त्यांनी मनात अंदाज बांधूनच ती साठवली असावी.

"किती दिवस लागतील?" आईने विचारलं.

"सहा महिने."

"मी एक्याऐंशीची आहे."

"मी ते धरूनच सांगतोय."

आठ घरांच्या सह्या मिळवायला चार महिने लागले. कुणाला आवाजाची भीती, कुणाला विजेच्या बिलाची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं म्हणणं असं की लिफ्ट आली की पाहुणे वाढतील. सगळ्यात शेवटी मुख्याध्यापक राहिले.

"निरीक्षकसाहेब, मी तळमजल्यावर राहतो," ते म्हणाले. "मला लिफ्टचा उपयोग काय, हे पाच ओळींत सांगा."

"उपयोग नाही, सर."

"एका ओळीत सांगितलंत. छान. मग सही कशाला?"

"आईसाठी."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते वाईट नव्हते. फक्त कुठल्याही गोष्टीला पूर्ण गुण द्यायची त्यांना सवय नव्हती. अखेर त्यांनी सही केली, दोन अटींवर : देखभालीचा खर्च त्यांच्याकडून घ्यायचा नाही, आणि उत्तरपत्रिका इयत्तांप्रमाणे लावून त्यांच्या मागच्या खोलीत नेऊन द्यायच्या. निरीक्षकाने तीन रविवार ते काम केलं. इयत्ता सातवी, भूगोल, एवढे गठ्ठे त्याने आयुष्यात पाहिले नव्हते.

मग ठेकेदार आला, रूळ आले, दोर आले, लिफ्टचा तोल सांभाळणाऱ्या काउंटरवेटचे लोखंडी ठोकळे आले. निरीक्षक रोज ऑफिसला जाताना आणि येताना पोकळीत डोकावायचा. ठेकेदाराच्या माणसांनी त्याला बघितलं की ते हातातलं काम थांबवून भलतंच करायला लागायचे, कारण जे करत होते त्यात तो काहीतरी काढणार हे ठरलेलं. बारापट पेलणारा दोर आला होता. त्याने पंधरापटीचा मागवला. तळाशी धक्का झेलणारे बफर नियमात बसत होते. त्याने बदलून घेतले. सहाचे दहा महिने झाले.

मावशीने ते दहा महिने वाया घालवले नाहीत. "ताई, मी सराव करतेय," ती फोनवर म्हणाली. "सकाळी एकदा उतरते-चढते, संध्याकाळी एकदा. लिफ्ट सुरू व्हायची आणि नेमके माझे गुडघे रुसून बसायचे, असं नको व्हायला. आज न थांबता उतरले."

"फुशारक्या मारू नकोस. कठडा धर."

"धरते. तुझा मोजमाप्या काय म्हणतोय?" मावशी त्याला लहानपणापासून मोजमाप्या म्हणायची, तो पाच वर्षांचा असताना त्याने तिच्या लाडवाचा... नव्हे, बिस्किटाचा अर्धा भाग पट्टीने मोजून घेतला होता, असं ती सांगायची. कशाचा होता ते दर वेळी बदलायचं, पट्टी कायम असायची.

"म्हणतोय, येत्या सोमवारी तपासणी."

स्वतःच्या इमारतीची लिफ्ट स्वतः तपासायची नाही, हा खात्याचा नियम. त्यामुळे सोमवारी त्याचा हाताखालचा निरीक्षक आला. पोरगेलासा, गोल चष्म्याचा, कामाला बरा. त्याने यंत्र पाहिलं, ब्रेक पाहिला, दारं पाहिली, लिफ्टमध्ये वाळूची पोती भरून सात फेऱ्या मारल्या. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, नवीन चप्पल घालून. चप्पल घरात घालायला लागून आठवडा झाला होता. सवय व्हावी म्हणून.

"पास, साहेब," चष्मेवाला म्हणाला आणि कागद काढला.

"चौथ्या मजल्यावरची फट मोजलीस?" निरीक्षकाने विचारलं. लिफ्टची जमीन आणि मजल्याची कड यांच्यात जी फट राहते, ती तीस मिलिमीटरच्या वर नको, असा खात्याचा दंडक होता.

"मोजली ना."

"किती भरली?"

"तीस म्हणू या, साहेब."

"म्हणायचं नंतर. भरली किती?"

चष्मेवाल्याने घसा साफ केला. "तेहतीस. पण साहेब, तीन मिलिमीटर म्हणजे काय? आपल्या ऑफिसच्या लिफ्टच्या फटीतून मागच्या वर्षी माझं घड्याळ खाली पडलं."

"ती कुणी पास केली होती?"

"तुमच्या आधीच्या साहेबांनी. सुखाने निवृत्त झाले. मुलीकडे असतात."

"परक्याची लिफ्ट असती, तर तू नापास केली असतीस की नाही?"

"तुम्ही शेजारी उभे असता, तर केली असती."

"मी शेजारीच उभा आहे."

"साहेब, ही तुमची आई आहे."

"म्हणूनच म्हणतो. परक्यांना एक नियम लावायचा आणि स्वतःच्या आईला कमी लेखायचं?"

"मला थोडं कमी लेखलंस तरी चालेल," आई खुर्चीतून म्हणाली.

निरीक्षक तिच्याकडे बघत राहिला. तिची काठी जेमतेम दोन बोटं जाड होती आणि तिचं टोक त्या फटीत अडकेल, काठी मुरगळेल, तिचा तोल जाईल, हे चित्र त्याला इतकं स्पष्ट दिसत होतं, की समोर नवीन चपलांत बसलेली आई त्यापुढे पुसट झाली. "चार आठवडे, आई," तो म्हणाला. "फार तर पाच."

चष्मेवाल्याने नाइलाजाने दारावर लाल पाटी टांगली, 'वापरास मनाई', आणि तार ओवून शिशाचं सील ठोकलं. सील नीट बसलं नव्हतं. निरीक्षकाने ते पुन्हा ठोकून घेतलं.

फट कमी करायची तर रुळांचे आधार काढून पुन्हा बसवायचे. ठेकेदाराची माणसं तोवर दुसऱ्या कामावर गेली होती. आधाराचे तुकडे दुसऱ्या मापाचे लागत होते आणि ते बनवणारा एकच कारखाना, तिथे संप. पाच आठवड्यांचे नऊ झाले. दाराच्या बरोबर समोर लिफ्ट उभी होती, आरसा लावलेली, दिवा लावलेली. आई दार उघडं ठेवून तिच्याकडे बघत बसायची, जसं लोक बंद दुकानासमोर बसतात. एकदा म्हणाली, "रिकामीच खाली-वर कर रे. नुसती बघते."

"सील आहे, आई."

"हो का. विसरलेच."

बायको या दिवसांत शांत होती. एकदा फक्त तिने विचारलं, "त्या तळमजल्यावरच्या खोल्या अजून रिकाम्या आहेत. मधल्या काळापुरत्या घ्यायच्या का?" निरीक्षक म्हणाला, रक्कम लिफ्टमध्ये गेली आहे, आणि जी उरली आहे ती आधारांसाठी बाजूला ठेवायला हवी. ती बरं म्हणाली आणि भांडी पुसायला लागली.

अकराव्या आठवड्यात, बुधवारी, अकराला फोन आला नाही. सव्वाअकराला आईने लावला. कुणी उचलला नाही. साडेअकराला मावशीच्या शेजारणीचा आला, निरीक्षकाच्या ऑफिसात.

मावशी सकाळचा सराव करताना पडली होती. पहिल्या मजल्यावरून खाली येताना, शेवटून दुसऱ्या पायरीवर. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात ती पांढऱ्या चादरीखाली फारच छोटी दिसत होती. "अरे मोजमाप्या," ती म्हणाली, "दोनच पायऱ्या राहिल्या होत्या बघ. चाळीस वर्षांत कधी पडले नाही, आणि दोन पायऱ्या राहिल्या असताना!" मग जरा थांबून म्हणाली, "ताईला सांग, कठडा धरला होता. नाहीतर ती तेच विचारेल."

निरीक्षक तिथून सरळ मावशीच्या इमारतीत गेला आणि खिशातली टेप काढून पायरी मोजली. कुणावर तरी, कशावर तरी बोट ठेवता आलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. एखादी पायरी उंच असती, कड झिजलेली असती, फरशी हलत असती. पण पायरी इतर पायऱ्यांइतकीच होती. कडसुद्धा शाबूत. सगळं नियमात होतं.

घरी आल्यावर तो बायकोसमोर उभा राहिला. "बोल," तो म्हणाला.

"मी काही बोलत नाहीये," ती म्हणाली. आणि खरंच बोलली नाही, तेव्हा त्याला वाटलं, बोलली असती तर बरं.

आईने ऐकून घेतलं. "कठडा धरला होता का तिने?" एवढंच विचारलं. धरला होता, हे ऐकल्यावर मान हलवली, पायातली चप्पल काढली आणि कॉटखाली सारली.

मावशीला महिन्याने घरी आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण जिना संपला. कॉट खिडकीशी लावून दिली. अकराचा फोन पुन्हा सुरू झाला. मावशी आता भेटण्याचं काही बोलत नव्हती. कात्रीवर मात्र दोघी पूर्वीसारख्याच भांडत होत्या, उलट जरा जास्तच मन लावून.

त्यानंतर दोन आठवड्यांनी आधार आले, रूळ सरकले, चष्मेवाल्याने फट पुन्हा मोजली. एकोणतीस. त्याने सील कापलं, कागदावर सही केली आणि "अभिनंदन, साहेब," असं तोंडाने म्हणून बाकी चेहऱ्याने काहीच म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला लिफ्टमध्ये घेतलं. बावीस सेकंद. खाली दार उघडलं तर मुख्याध्यापक इस्त्रीच्या सदऱ्यात उभे. त्यांनी दाराला लाल फीत बांधून ठेवली होती आणि त्यांच्या हातात कागद होता. "आजचा हा दिवस," त्यांनी सुरुवात केली, "आपल्या इमारतीच्या इतिहासात—"

"मास्तर, बाजूला व्हा," आई म्हणाली आणि फितीखालून वाकून बाहेर पडली.

रस्त्यावर ती क्षणभर थांबली. औषधाच्या दुकानाचा रंग बदलला होता. कोपऱ्यावरचं झाड कापलं होतं. तिने कशालाच नावं ठेवली नाहीत; तिला चालायचं होतं. तीनशे पावलांना तिला पाऊण तास लागला. सुनेने एका हाताला धरलं होतं, दुसऱ्या हातात काठी, आणि निरीक्षक मागून घडीची खुर्ची घेऊन चालत होता. तीनदा ती खुर्चीवर बसली. दर वेळी म्हणाली, "बसले नाही, थांबलेय."

मावशीच्या इमारतीपुढे येऊन तिने मान वर केली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत पांढऱ्या केसांचं एक डोकं आणि एक हात होता. हातात फोन. आईचा फोन वाजला.

"दिसतेस," मावशी म्हणाली.

"तूही दिसतेस. अर्धीच."

"जाड झालीस ताई."

"वरून सगळे जाडच दिसतात."

"साडी कुठली?"

"जुनीच. तुझीच आहे. तू विसरून गेली होतीस."

"मी विसरले नव्हते. तू दिली नव्हतीस."

मग दोघी गप्प झाल्या. फोन दोघींच्याही कानाला होते. रस्त्यावरून एक हातगाडी गेली, तिच्या मागून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, आई जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने तिने फोनवर हात ठेवला आणि मुलाकडे वळली. "अरे, ती खुर्ची," ती म्हणाली. "चौघांना बोलाव. मला वर न्या. मिरवणूक तर मिरवणूक."

निरीक्षक आत गेला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जिना अरुंद होता. मावशी पडली त्या दिवशी त्याने पायरीची उंची मोजली होती, रुंदी मोजली नव्हती. एक माणूस आणि त्याची पिशवी, एवढाच जिना, आणि प्रत्येक वळण कोपऱ्यात चिमटलेलं. शेजारीण दारात आली. "मावशींना कसं आणलं वर?" त्याने विचारलं. "चादरीत," ती म्हणाली. "पुढे दोघं, मागे दोघं, आणि वळणावर उभी धरली. फार ओरडल्या हो." खुर्ची वळणार नव्हती. लिफ्ट बसवायची म्हटलं तर पोकळी नव्हती, दोन्ही बाजूंना दुसऱ्या इमारतींच्या भिंती होत्या, आणि मामा एकच होते.

तो बाहेर आला. आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं नाही.

"ताई," फोनमधून मावशीचा आवाज आला, "ऊन लागतंय तुला. जा घरी."

"तुला कोण विचारतंय?"

"जा गं. अकराला फोन कर."

"अकरा वाजून गेले."

"मग उद्या."

परतताना ती पाचदा बसली, आणि एकदाही थांबलेय म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकाने विचारलं, "आज जायचं का? मी सुट्टी काढतो."

"वर बघून बघून मान धरली माझी," आई म्हणाली. "फोनवर मान दुखत नाही." आणि अकरा वाजायची वाट बघत बसली.

पुढच्या आठवड्यातही त्याने विचारलं, आणि पुढच्या महिन्यातही. मग विचारायचं थांबवलं. लिफ्ट मात्र उत्तम चालते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे खरोखरच पाहुणे वाढले आहेत. मुख्याध्यापक सकाळ-संध्याकाळ लिफ्टने गच्चीवर हवा खायला जातात.

लिफ्टच्या यंत्राला फेऱ्या मोजणारा आकडा असतो. पहिल्या सहा महिन्यांत तो पाच हजार आठशे चौदावर गेला होता. त्यातल्या आईच्या दोन : एक खाली, एक वर.